ओजेटी कम्पल्सरी केलीत, मग जागा पण तुम्हीच शोधून द्या

जानेवारी संपत आला की आमच्या ऑफिसच्या लँडलाइनवर ओजेटीचे, म्हणजे कॉलेजने सक्तीच्या केलेल्या ट्रेनिंगचे, वेगळेच फोन यायला लागतात. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन असला तर समोरचा पहिल्या वाक्यातच कंटेनर नंबर बोलतो. हे फोन तसे नसतात, आधी दोन सेकंद काहीच आवाज नाही, मग "मॅडम, तुमच्याकडे ओजेटीला घेतात का?" आणि मी काही बोलायच्या आत "पैसे नकोत मॅडम, फक्त लेटर आणि सर्टिफिकेट पाहिजे." यावर्षी एका दिवसात असे अकरा फोन मोजले मी. वीस-बावीस वर्षांची पोरं, गूगल मॅपवरून नंबर काढून एकेका ऑफिसला फोन लावत बसलेली, आणि पैसे नकोत हे वाक्य त्यांना कोणीतरी आधीच पढवून ठेवलेलं. मला ते ऐकून दरवेळी कसंतरी होतं.

मी बॅलार्ड इस्टेटला एका सीएचएच्या ऑफिसात एकोणीस वर्षं आहे. सरकारी कागदावर आता कस्टम्स ब्रोकर लिहितात, पण लाइनीत सगळे अजून सीएचएच बोलतात. न्हावा शेवाला माल उतरतो त्याची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची माहिती कस्टम्सला देणारा कागद, फाइल करणं, ड्युटी भरणं, माल सोडवणं, हे आमचं काम. परीक्षा देऊन जी कार्ड, म्हणजे ब्रोकरच्या माणसाला कस्टम्सकडून मिळणारं कार्ड, मिळवलंय, त्यामुळे नवीन येणाऱ्यांना शिकवायचं माझ्याकडेच येतं. तर जे लिहितेय ते टेबलाच्या या बाजूने बघितलेलं आहे, आणि थोडं माझ्या भाचीमुळे त्या बाजूनेही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मधे आलं, मग डिसेंबर २०२२ मधे यूजीसीने डिग्रीचा आराखडा काढला, तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० क्रेडिट आणि त्यात इंटर्नशिपला २ ते ४. महाराष्ट्रात ती ओजेटी नावाने आली, एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आणि डिग्रीच्या सहाव्या सेमिस्टरला, ४ क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास, रोजचे आठ तास धरले तर पंधरा दिवस. डिग्रीला हे ऑटोनॉमस कॉलेजांत २०२३-२४ ला सुरू झालं, बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला. आता हिशोब करा, २०२४ ला एफवायला बसलेली मुलं २०२७ च्या सुरुवातीला सहाव्या सेमिस्टरला पोचतात. मुंबई विद्यापीठाला आठशेहून जास्त कॉलेजं जोडलेली आहेत. आत्ता दिवसाला अकरा फोन येतायत ते तर फक्त पुढे आलेल्या थोड्या मुलांचे आहेत.

मी ओजेटीच्या विरोधात नाहीये, हे आधीच सांगते. उलट मला वाटतं हे वीस वर्षं आधी यायला हवं होतं. मी स्वतः बी.कॉम. करून आले तेव्हा बिल ऑफ एंट्री हा शब्द मला परीक्षेपुरता माहीत होता, पाच मार्कांची शॉर्ट नोट, तो कागद दिसतो कसा हे पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

गेल्या वर्षी एक एम.कॉम.ची मुलगी आमच्याकडे होती. तिला मी एक चेकलिस्ट दिली तपासायला, बिल ऑफ एंट्री फाइल करायच्या आधी आम्ही सगळा डेटा एका चेकलिस्टवर काढून पार्टीकडून ओके घेतो, तर ती. माल होता स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या. तिने हेडिंग, म्हणजे ज्यावरून ड्युटी ठरते तो मालाचा कोड, ७३२३ लिहिलेलं, स्टीलची घरगुती भांडी. मी म्हटलं कॅटलॉग परत बघ, बाटलीला भिंत एक आहे की दोन? ती पाच मिनिटं कॅटलॉग उलटंपालटं करत बसली आणि मग एकदम म्हणाली, "मॅडम, ही व्हॅक्यूमवाली आहे, हा थर्मास आहे." मग ९६१७. एका भिंतीचा फरक आणि सगळं चॅप्टरच बदललं, त्याच्याबरोबर ड्युटीचा हिशोब, आणि चुकीचं गेलं असतं तर माल अडकला असता, दिवसाचा डिटेन्शन चार्ज पार्टीच्या डोक्यावर. त्या दिवसानंतर ती प्रत्येक आयटमला आधी प्रश्न विचारायची, मग कोड लिहायची. हे कुठल्याही नोट्समधे लिहून देता येत नाही हो. हे असंच शिकवावं लागतं, शेजारी बसून, आणि त्यासाठी माझा अर्धा दिवस गेला, तो कोणीतरी द्यावाच लागतो.

पण त्याच महिन्यात आमच्याकडे आणखी चार मुलं होती आणि त्यांना मी काय शिकवलं? काही नाही. मार्चएंडची गर्दी, त्यांना स्कॅनिंगला बसवलं, जुन्या फायली पंच करायला दिल्या, डीओ, म्हणजे माल सोडायची चिठ्ठी, आणायला शिपिंग लाइनच्या ऑफिसात पाठवलं. पंधरा दिवस झाले, सर्टिफिकेटवर सही झाली, चौघांनाही त्या एम.कॉम.च्या मुलीइतकेच क्रेडिट. त्यांच्या कॉलेजांतून एक माणूस बघायला आला नाही की एक फोन आला नाही. माझी सही खरी होती, तास खरे होते, पण ते शिक्षण नव्हतं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

आता भाचीचं. ती भांडुपला राहते, कॉलेज मुलुंडला, मधे फक्त नाहूर. ऑटोनॉमस कॉलेज, टीवायला ओजेटी. कॉलेजने काय केलं तर एक रिक्वेस्ट लेटर दिलं, कंपनीच्या नावाची जागा रिकामी, आणि सांगितलं आपापली शोधा, अमुक तारखेपर्यंत जॉइनिंग लेटर जमा करा. वर्गात ज्यांचे वडील बँकेत, काका सीए, आत्याची ट्रॅव्हल एजन्सी, त्यांचं दोन दिवसांत झालं. माझ्या मेव्हण्यांची नोकरी सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझरची, त्यांच्या ओळखीत ऑफिसं कुठून येणार. मी नेमकी तेव्हा ऑडिटमधे अडकलेली आणि पोरीने संकोचाने मला सांगितलंच नाही. तीन आठवडे ती आणि तिच्या दोन मैत्रिणी ईमेल करत होत्या, लोअर परेलच्या बिल्डिंगांच्या रिसेप्शनला उभ्या राहत होत्या, जिथे लिफ्टपर्यंत पण सोडत नाहीत. शेवटी बीकेसीला, वांद्रे-कुर्ला संकुलात, एका ऑफिसात मिळालं.

आणि मग पासचा घोळ. स्टुडंट कन्सेशनचा पास घर ते कॉलेज एवढाच मिळतो, भांडुप ते मुलुंड. ओजेटीसाठी उलट्या दिशेला कुर्ल्यापर्यंत यायचं तर ते कन्सेशनमधे बसत नाही, त्याचं तिकीट वेगळं. कुर्ला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची लाइन, ऊन, तिथे खाण्याचं काही शंभरच्या खाली मिळत नाही म्हणून डबा, डबा न्यायला जमलं नाही त्या दिवशी वडापाव. तिने वहीत लिहून ठेवलेला खर्च मी बघितला, पंधरा दिवसांत दोन हजारांच्या वर गेला होता. ज्या घरात दोन हजार म्हणजे महिन्याचं किराणाचं अर्धं बिल, त्या घरातून हे पैसे गेले, डिग्रीच्या एका पेपरसाठी ज्याची फी आधीच भरलेली आहे. आणि शेवटी रिपोर्ट लिहायला बसली तेव्हा मला फोन, "मावशी, मी तिथे व्हिजिटिंग कार्डांची एक्सेल शीट बनवली फक्त. काय शिकले ते दहा पानं काय लिहू?"

मी काय उत्तर देणार. तिच्या वर्गातल्या एकाने तर हा प्रश्नच येऊ दिला नाही, एका क्लासवाल्याने पंधराशे रुपयांत लेटर, हजेरी, सर्टिफिकेट आणि तयार रिपोर्ट असा सगळा सेट दिला त्याला. त्या मुलाला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तो सकाळी पेपर टाकतो आणि दुपारी एका दुकानात बसतो, त्याच्यासाठी पंधरा दिवस दुकान बुडवण्यापेक्षा पंधराशे स्वस्त पडले. एखादा नियम जर असा असेल की तो प्रामाणिकपणे पाळणं गरिबाला महाग आणि मोडणं स्वस्त, तर चूक आधी नियमात शोधायला पाहिजे.

सगळ्यात जास्त राग मला ज्याचा आला ते म्हणजे नाईट कॉलेजवाल्या एका मुलाचं. आमच्या ऑफिसात शिपिंग लाइनचा एक माणूस येतो, त्याचा हा धाकटा भाऊ. मुंबईची नाईट कॉलेजं म्हणजे या शहराची खरी शान आहे असं मी मानते, दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी सहाच्या पुढे लेक्चर, किती पिढ्या अशा ग्रॅज्युएट झाल्या. हा मुलगा मस्जिद बंदरला एका औषधांच्या होलसेलरकडे तीन वर्षं कामाला आहे. स्टॉक बघतो, एक्सपायरीचा माल कंपनीला परत पाठवतो, जीएसटीची बिलं बनवतो, उधारीची वसुली त्याच्याकडे. बी.कॉम.च्या मुलाने आणखी कामाचं काय शिकायचं असतं? आणि त्याच्या कॉलेजने त्याला सांगितलं की आधीपासून करत असलेली नोकरी चालणार नाही, ओजेटी वेगळी करा. म्हणजे रजा टाकून, पगार कापून घेऊन, दुसरीकडे फुकट फायली पंच करायला जा, तेव्हा तुम्ही काम शिकलात असं आम्ही मानू. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाच्या अनुभवाला क्रेडिट देता येईल असं चक्क म्हटलंय. मग कॉलेजला अडचण कसली? त्याच्या शेठकडे जा, एक तास बसा, त्याला चार प्रश्न विचारा, व्हायवा घ्या. पोरगा तुम्हाला उलट शिकवून पाठवेल.

तर माझं म्हणणं असं आहे. एखादी गोष्ट डिग्रीत कम्पल्सरी केली, तिला क्रेडिट दिले, तिच्याशिवाय मार्कशीट अडवली, म्हणजे ती आता विद्यापीठाची शिकवायची जबाबदारी झाली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट तुमची तुम्ही शोधून आणा, ज्याच्या मामाची लॅब आहे त्याने तिथे करा, असं कोणी सांगत नाही ना? कॉलेजला लॅब नसेल तर तो विषय चालवायची परवानगीच मिळत नाही. मग ओजेटीची लॅब मुलांनी शहरभर फिरून का शोधायची? जागा कॉलेजने द्यायची, विद्यापीठाने द्यायची. मुलाला स्वतः शोधायची असेल तर शोधू दे, पण नाही मिळाली तर कॉलेजकडे द्यायला एक जागा असलीच पाहिजे आणि ती न देता नापास करता कामा नये.

हे अशक्य वगैरे नाहीये, याच शहरात होतंय. टिस, म्हणजे टाटा समाज विज्ञान संस्था, १९३६ ला सुरू झाली, निर्मला निकेतनचं सोशल वर्कचं कॉलेज १९५५ चं, तिथे फील्डवर्क पहिल्यापासून आहे. आठवड्यातले दोन दिवस मुलं वस्तीत, हॉस्पिटलात, संस्थांमधे जातात, कुठे जायचं ते संस्था ठरवून देते, आणि शिक्षक प्रत्येक मुलाशी एकेकट्याने बसून बोलतात, काय बघितलं, काय चुकलं, लिहिलेलं रेकॉर्डिंग तपासतात. फील्डवर्कमधे पास होणं तिथे लेक्चरइतकंच महत्त्वाचं. सीएचं घ्या, आर्टिकलशिप आधी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नवीन योजनेत दोन वर्षांची केली, पण किमान स्टायपेंड इन्स्टिट्यूटने ठरवून दिलेला आहे, कमी असेल पण आहे, आणि प्रिन्सिपल म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकतो तो सीए, त्याचं नाव रेकॉर्डवर असतं. आमच्या लाइनीत पण तसंच, कार्डवाल्या पोराने कस्टम्समधे काही गडबड केली तर जबाबदार ब्रोकर धरला जातो. सगळीकडे शिकणाऱ्याच्या मागे कोणीतरी एक नाव आहे. ओजेटीच्या मुलाच्या मागे मला कोणाचंच दिसत नाही.

आता पैशांचं बोलते कारण ते बोलायला सगळे लाजतात. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ ला आली, तेव्हा महिना ५००० रुपये होते. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना त्याच वर्षी आली, बारावी पास ६०००, आयटीआय आणि डिप्लोमा ८०००, ग्रॅज्युएट १००००. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तर स्टायपेंड द्यावाच लागतो, २०१९ ला नियम सुधारले तेव्हा ग्रॅज्युएट अप्रेंटिसला महिना किमान ९००० ठरले. म्हणजे काम शिकणाऱ्या माणसाला हातात पैसे लागतात हे सरकारला तीन-तीन ठिकाणी मान्य आहे. पण पीएम इंटर्नशिप आणि राज्याची योजना, दोन्ही २०२४ ला आल्या तेव्हा रेग्युलर शिकत असलेल्या मुलांसाठी नव्हत्या. जो अजून कॉलेजात आहे, ज्याच्यावर ओजेटी सक्तीची आहे, नेमकं त्यालाच वगळलं. पंधरा दिवसांचा पगार द्या असं मी म्हणतच नाही. जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण, बस. तो कंपनीने द्यावा, नाही देत तर विद्यापीठाने द्यावा, आणि रेल्वेने ओजेटीच्या लेटरवर त्या महिन्यापुरता कन्सेशनचा पास वाढवून द्यावा, कॉलेजचा शिक्का आहेच की त्यावर.

आमच्या शेठना मी हे बोलले तर ते म्हणाले, पैसे सक्तीचे केलेत तर छोटी ऑफिसं दार बंद करतील, मग मुलं जाणार कुठे? खोटं नाही ते. बॅलार्ड इस्टेटची, मस्जिदची, अंधेरी एमआयडीसीची निम्मी ऑफिसं सहा-आठ माणसांची आहेत, आणि शिकवायचं म्हणजे एक माणूस अडकतो हे मी स्वतः भोगलंय. म्हणूनच मी सगळा भार ऑफिसवर टाका म्हणत नाही. पण दार उघडं ठेवायचं म्हणून मुलाला आत बसवून काहीच शिकवायचं नाही, तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय? मला विचाराल तर कमी मुलं घ्या, एका वेळी दोन, पण त्यांना एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवा. कॉलेजच्या सरांनी पंधरा दिवसांत निदान एकदा यावं, मुलाला माझ्यासमोर विचारावं आज काय केलंस. आणि सरांनी यायचं तर त्यांना पण त्या फेरीचे तास आणि भाडं मिळालं पाहिजे. अर्धी कॉलेजं तासिका तत्त्वावरच्या सरांवर चाललीयत, त्यांना लेक्चर घेतलं तर पैसे, मग ते फुकट बॅलार्ड इस्टेटला कशाला येतील? तिथेही पुन्हा तेच, काम ठरवलं कोणी आणि खर्च कोणाच्या खिशातून.

मुलींच्या घरून एक प्रश्न हमखास येतो, ऑफिस कसं आहे, माणसं कशी आहेत. कॉलेजने हा प्रश्न पालकांवर सोडून दिलाय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रेनीला पण लागू आहे, पगार असो नसो. ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असतील तर तक्रार समिती पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मी आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मुलीला विचारलं, हे कॉलेजने सांगितलं का, एकीलाही माहीत नव्हतं. क्रेडिटचे नियम मात्र सगळ्यांना पाठ होते.

आणखी एक, मुंबई विद्यापीठ म्हणजे फक्त चर्चगेट ते बोरिवली नाही, ते सिंधुदुर्गापर्यंत जातं. कणकवलीच्या मुलाने कुठली कंपनी शोधायची? पण तिथे पतसंस्था आहेत, आंबा कॅनिंगवाले आहेत, ग्रामपंचायत आहे, मच्छीमार सोसायट्या आहेत, त्यांच्याकडे हिशोबाचं, नोंदीचं, विक्रीचं भरपूर काम आहे. विद्यापीठाने त्यांच्याशी बोलून जिल्ह्याजिल्ह्याची यादी केली तर त्या मुलाला ओजेटीसाठी मुंबईला चुलत्याकडे येऊन राहायची गरज पडणार नाही.

यावर्षी मी शेठना सांगितलं, पाच-सहा मुलं घ्यायची नाहीत, दोनच घ्यायची, आणि ओळखीने आलेली नकोत, फोन करून आलेल्यांतली घ्यायची. दोघांचं गाडीभाडं आणि जेवण पेटी कॅशमधून. जेवणाला ते हो म्हणाले, भाड्यावर अजून अडलंय. त्या अकरा फोनांतल्या दोन मुलांची नावं मी डायरीत लिहून ठेवलीयत, एक टिटवाळ्याची आहे, एक गोवंडीचा. मस्जिद बंदरच्या त्या मुलासाठी पण त्याच्या प्राचार्यांना पत्र लिहिलंय, त्याचं काम मी स्वतः जाऊन बघितलं, तो काय काय करतो ते दीड पान लिहिलं, खाली जी कार्डचा नंबर टाकून सही केली. आठ दिवस झाले, उत्तर नाही आलं. सोमवारी कॉलेजात जाऊन येणार आहे, संध्याकाळी सहानंतर, तेव्हाच उघडतं ते.